एक निराधार खिडकी

संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रामची पहिली ओळ कोणती, असे विचारले तर तो लिहिणारा मनुष्य आपण लिहिलेल्या पहिल्या ओळीकडे बोट दाखवील. हे उत्तर बरोबर नाही. सी भाषा शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतात की, प्रोग्रामची सुरुवात ‘मेन’ नावाच्या भागापासून होते. वस्तुतः मेनची पाळी येण्यापूर्वी पुष्कळ काम होऊन गेलेले असते, आणि ते दुसऱ्याच कोणी केलेले असते. नवरदेव बोहल्यावर चढतो तेव्हा लग्न सुरू झाले असे त्याला वाटत असेल तर वाटो. मांडववाला, आचारी आणि वाजंत्री आदल्या दिवसापासून राबत असतात. त्यांची नावे नवरदेवाला ठाऊक नसतात, आणि सारे सुरळीत चालले आहे तोवर ती ठाऊक असण्याचे कारणही नाही.

आज आम्हांला या पडद्यामागच्या मंडळींविषयी बोलावयाचे आहे. त्यासाठी आम्ही जरा उलटा मार्ग धरणार आहोत. या सर्वांना रजा द्यावयाची, आणि मग संगणकाच्या पडद्यावर एक साधी खिडकी उघडता येते का, ते पहावयाचे. खिडकी म्हणजे एक चौकट, तीत एक शब्द आणि ती मिटण्याची सोय. याहून अधिक काही नाही. प्रयोगासाठी लिनक्स ही प्रणाली घेऊ, कारण तिच्यात वरपासून खालपर्यंत काय चालले आहे हे कोणालाही वाचता येते.

प्रथम रजा कोणाला द्यावयाची ते पाहू. लायब्ररी म्हटल्यावर पुस्तकांची कपाटे डोळ्यांपुढे आणू नयेत. संगणकाच्या व्यवहारात लायब्ररी म्हणजे इतरांनी आधीच लिहून, वापरून, घासूनपुसून ठेवलेल्या कामांचा साठा. संख्या अंकांत छापणे, दोन शब्दांची तुलना करणे, स्मृतीतील जागा मागून घेणे, ही कामे प्रत्येकाने नव्याने लिहू नयेत म्हणून भाषेबरोबरच जो साठा मिळतो, ती स्टँडर्ड लायब्ररी. आणि प्रोग्राम सुरू होताना व संपताना आवराआवर करणारी जी तुकडी असते, ती रनटाइम. आपण एखाद्या चित्रावर टिचकी मारतो, तेव्हा प्रणालीचा गाभा—त्याला कर्नल म्हणतात—त्या प्रोग्रामची फाइल उघडून तिचे मथळ्याचे बाइट वाचतो. त्या मथळ्यात बहुधा असे लिहिलेले असते की, मला थेट सुरू करू नका, आधी अमुक नावाच्या लोडरला बोलवा. मग लोडर येतो. प्रोग्रामला कोणकोणत्या लायब्रऱ्या हव्यात त्यांची यादी पाहतो, त्यांना आणखी कोणत्या हव्यात तेही पाहतो, साऱ्या स्मृतीत आणून बसवतो आणि त्यांची नावे-पत्ते एकमेकांशी जुळवून देतो. त्या लायब्रऱ्यांना स्वतःची काही पूर्वतयारी करावयाची असल्यास तीही याच वेळी उरकली जाते. त्यानंतर रनटाइम, आणि त्यानंतर आपले मेन.

हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. फाइलीच्या वजनावरून मात्र थोडा अंदाज येतो. पडद्यावर दोन शब्द छापणारा सी भाषेतील प्रोग्राम आजच्या लिनक्सवर सुमारे १६ हजार बाइटांचा होतो, आणि त्यात लायब्ररी धरलेली नाही. ती बाहेर असते. तीही आत कोंबली तर आकडा आठ-नऊ लाखांपर्यंत जातो. याच्या दुसऱ्या टोकाला ब्रायन रेटर या गृहस्थांनी लिनक्ससाठी अवघ्या ४५ बाइटांचा चालणारा प्रोग्राम करून दाखवला आहे. तो ४२ हा आकडा परत करतो आणि संपतो, दुसरे काहीच करीत नाही. असल्या गोष्टीला कोणी रिकामपणचा उद्योग म्हणेल. आम्हीही म्हटले असते. परंतु २०२४ साली जे घडले ते पाहिल्यावर तसे म्हणवत नाही.

त्या वर्षी २९ मार्च रोजी आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याने एक जाहीर सूचना दिली. दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश करण्यासाठी एसएसएच नावाचा प्रोग्राम जगभर वापरला जातो. आपल्या यंत्रावर या प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढीच गोष्ट त्याला खटकली होती. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढता काढता तो फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या लायब्ररीपाशी पोचला. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणी तरी चोरदरवाजा बसवला होता. जिया टॅन हे नाव घेणाऱ्या व्यक्तीने दोनएक वर्षे निष्ठेने काम करून त्या प्रकल्पाचा विश्वास संपादन केला होता, आणि मग हा डाव टाकला होता. ती व्यक्ती कोण, एक की अनेक, हे उघड झालेले नाही. बहुसंख्य सर्व्हरांवर पोचण्यापूर्वीच हा प्रकार पकडला गेला, हे सुदैव.

पण येथे एक शंका सहज येते. प्रवेश देणाऱ्या प्रोग्रामचा फाइली दाबणाऱ्या लायब्ररीशी संबंध काय? खरे म्हणजे काहीच नाही. मूळ एसएसएचमध्ये ती नव्हतीच. डेबियन, फेडोरा अशा काही वितरकांना वाटले की, हा प्रोग्राम सुरू झाल्याची वर्दी प्रणालीच्या कारभाऱ्याला द्यावी. त्या कारभाऱ्याचे नाव सिस्टमडी. वर्दी देण्याची सोय सिस्टमडीच्या लायब्ररीत होती, म्हणून ती लायब्ररी जोडली. तिला अन्य कामासाठी एक्सझेडची लायब्ररी लागे, म्हणून तीही मागोमाग आली. आचाऱ्याने भाचा आणला, भाच्याने मित्र आणला, अशातली गत. आणि या मित्राने आपले काम लोडर नावे-पत्ते जुळवीत असतानाच, म्हणजे एसएसएचच्या मेनची पहिली ओळ चालण्यापूर्वीच, सुरू केले.

आता ती वर्दी केवढी होती ते ऐकावे. प्रणालीमध्ये सॉकेट नावाची सोय असते. तिला आपण पत्रपेटी म्हणू. एक प्रोग्राम तीत बाइट टाकतो, दुसरा ते काढून वाचतो. कारभाऱ्याच्या पेटीत ‘रेडी’ हा शब्द, बरोबरचे चिन्ह आणि एकाचा आकडा, एवढे टाकले की झाली वर्दी. मूळ इंग्रजी लेखनात ही सात बाइटांची चिठ्ठी आहे. तेवढ्यासाठी एक अख्खी लायब्ररी आणि तिच्यामागून येणारा गोतावळा घरात घेतला गेला होता. पुढे एसएसएचच्या लेखकांनी त्याच वर्षी आलेल्या ९.८ या आवृत्तीत ही चिठ्ठी टाकण्याचे काम स्वतःच लिहून टाकले, लायब्ररीवाचून.

आपल्या खिडकीचे काम याच जातीचे आहे. आता प्रत्यक्ष रजा देऊ.

सी भाषेचे जे प्रमाण १९८९ साली ठरले, त्यातच अशा कामाला वाट ठेवलेली आहे. प्रोग्राम दोन परिस्थितींत चालू शकतो असे ते प्रमाण म्हणते: एक, यजमानाच्या घरी, जेथे सर्व लायब्ररी हात जोडून उभी असते, दुसरी, स्वतःच्या पायावर, जेथे तिचा बहुतेक भाग नसतो. आपण कंपायलरला व लिंकरला—म्हणजे आपली भाषा यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्याला आणि तुकडे जोडणाऱ्याला—बजावून सांगतो की, लायब्ररी जोडू नका, रनटाइमही घालू नका. मग कर्नल आपल्याला थेट हाक मारतो. ही हाक ‘स्टार्ट’ नावाच्या जागी येते.

येथे पहिली ठेच लागते. कोणतेही काम संपले की जेथून बोलावणे आले तेथे परतावे, हा नेहमीचा रिवाज. मेन संपले की ते रनटाइमकडे परतते. पण आता रनटाइम नाही, आणि कर्नलने परतण्याचा पत्ता दिलेलाच नाही. पत्त्याच्या जागी त्याने दुसरीच वस्तू ठेवलेली असते, ती म्हणजे प्रोग्रामला किती शब्द देऊन बोलावले त्याची संख्या. ती बहुधा एक असते. भोळेपणाने परतणारा प्रोग्राम स्मृतीच्या एक क्रमांकाच्या घरी जाऊ पाहतो. तेथे जाण्याची कोणालाच मुभा नाही, आणि कर्नल त्याला तत्काळ ठार करतो. तेव्हा संपताना परतावयाचे नाही. कर्नलला सांगून निरोप घ्यावयाचा. या निरोपाची आज्ञा ६० क्रमांकाची आहे.

दुसरी ठेच अधिक गमतीची आहे. स्मृतीचा एक पट्टा शून्यांनी भरून काढणे हे काम वरचेवर लागते, आणि स्टँडर्ड लायब्ररीत त्यासाठी मेमसेट नावाची सोय असते. आपण तिला एकदाही हाक मारलेली नसते. तरीही लिंकर तक्रार करतो की, मेमसेट सापडत नाही. होते असे की, कोठे तरी आपण एक कोरा तक्ता मांडलेला असतो, आणि तो पुसून घेण्यासाठी कंपायलरने आपल्या वतीने परस्पर मेमसेटला बोलावलेले असते. लायब्ररीला आपण रजा दिली. कंपायलरची सवय थोडीच सुटली आहे! जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरच्या माहितीपत्रकात तर स्पष्टच लिहिले आहे की, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या प्रोग्रामनेही मेमसेट, मेमकॉपी, मेममूव्ह आणि मेमकंप ही चार कामे पुरवलीच पाहिजेत. बरे, म्हणून आपण मेमसेट स्वतः लिहावयास घेतो. काम सोपे: एकेक घर घ्या, भरा, पुढे चला. हुशार कंपायलर हे वाचतो आणि ओळखतो की, अरे, हे तर मेमसेटचे काम! आणि आपली ओळ खोडून तेथे मेमसेटला हाक घालतो. म्हणजे मेमसेट मेमसेटला बोलावते, ती पुन्हा मेमसेटला, आणि प्रोग्राम तेथेच फिरत राहतो किंवा कोसळतो. ही काही आम्ही रचलेली कथा नव्हे. या वाटेने जाणाऱ्या पुष्कळांचा तो अनुभव आहे. ‘या कामात हुशारी दाखवू नकोस’ अशी कंपायलरला वेगळी सूचना द्यावी लागते, तेव्हा गाडे पुढे सरकते.

यापुढचे सारे कर्नलशी बोलणे आहे. ते अगदी कोरड्या रीतीने चालते. यंत्राच्या गाभ्यात रजिस्टर नावाचे छोटे कप्पे असतात. एकात आज्ञेचा क्रमांक ठेवावयाचा, इतरांत तपशील, आणि कर्नलला हाक घालावयाची. आज घराघरांत असलेल्या ६४ बिटांच्या इंटेल जातीच्या यंत्रावर वाचणे शून्य क्रमांकाचे, लिहिणे एक, फाइल उघडणे दोन, पत्रपेटी मांडणे ४१, ती दुसऱ्या पेटीशी जोडणे ४२ आणि निरोप घेणे ६०. खिडकीसाठी एवढ्या सहा आज्ञा पुरतात. चालत्या प्रोग्रामांना कर्नलमधील बदलाने मोडता घालावयाचा नाही, हा लिनस टोरवाल्ड्स यांचा कडक दंडक असल्यामुळे हे क्रमांक उद्या बदलतील अशी धास्ती नाही. विंडोजमध्ये असे करता येत नाही. तेथे हे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून तेथील निराधार प्रोग्रामलाही प्रणालीच्याच दोन-तीन लायब्रऱ्यांच्या दारातून आत जावे लागते. पूर्ण वैराग्य तेथे मिळत नाही. फार तर वानप्रस्थ.

पण कर्नलला खिडकी म्हणजे काय हे ठाऊकच नाही. पडद्याचा कारभार वेगळ्याकडे असतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ साली सुरू झालेली आणि १९८७ साली अकराव्या आवृत्तीस पोचलेली ‘एक्स’ ही व्यवस्था हे काम करते. तिच्या सर्व्हरची पत्रपेटी ठरलेल्या जागी असते. तिला आपली पेटी जोडावयाची आणि पत्रे टाकावयाची. एरवी ही पत्रे लायब्ररी लिहिते. आपण ती हाताने लिहू.

पहिले पत्र ओळखीचे, १२ बाइटांचे. त्याच्या पहिल्याच बाइटात आपण एक बाब उघड करावयाची असते: आमच्याकडे मोठी संख्या लिहिताना लहान टोक आधी येते की मोठे? हा प्रश्न इंग्रजांना चमत्कारिक वाटेल, आपल्याला वाटू नये. आपण २५ लिहिताना दोन आधी लिहितो आणि बोलताना मात्र ‘पंचवीस’, म्हणजे पाच आधी बोलतो. मराठी मनुष्य लिहितो एका टोकाने आणि बोलतो दुसऱ्या टोकाने! संगणकांतही असे दोन पंथ आहेत, आणि सर्व्हर दोन्ही समजून घेतो. पत्रात पुढे आवृत्ती ११ असे सांगावयाचे. बहुधा सर्व्हर ओळखीची खूण मागतो. ही १६ बाइटांची गुप्त खूण आपल्याच घरच्या एका फाइलीत ठेवलेली असते, ती वाचून पत्राला जोडावी लागते. खुणेचे नाव आणि खूण मिळून पत्र ४८ बाइटांचे होते.

उत्तर येते. पहिला बाइट एक असेल तर स्वागत, शून्य असेल तर नकार. स्वागताच्या लांबलचक पत्रात पडद्याचे माप, मूळ खिडकीचा क्रमांक, आणि आपल्याला वापरता येतील अशा क्रमांकांचा एक गठ्ठा असतो. ही शेवटची योजना आम्हांला फार शहाणपणाची वाटते. खिडकीला क्रमांक द्या म्हणून दर वेळी विनंती करून थांबावयास नको. आपल्या गठ्ठ्यातील क्रमांक आपणच घालावा आणि पुढचे पत्र लगेच टाकावे. लायब्ररीच्या आडून काम करणाऱ्याला ही खुबी दिसतच नाही.

येथे सावधगिरीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पेटीतून वाचताना पूर्ण पत्र एकदम हाती येईल असा भरवसा नसतो. अर्धे आज्ञेच्या एका फेरीत येते, उरलेले पुढच्या फेरीत. म्हणून किती बाइट आले ते मोजून, अपुरे असतील तर पुन्हा वाचावे लागते. नवशिक्याचा प्रोग्राम त्याच्या टेबलावर महिनाभर नीट चालतो आणि दुसऱ्याच्या यंत्रावर पहिल्या दिवशी अडखळतो, तो असल्याच कारणाने. लायब्ररीत अशा कित्येक ठेचा लागून झालेल्या असतात, आणि तिचे खरे मोल त्यात आहे. लायब्ररी टाकून देणारा त्या ठेचांचा अनुभवही टाकून देतो. म्हणून रोजच्या कामासाठी हा मार्ग कोणाला सुचवण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एकदा शिकण्यासाठी जरूर करावा.

यानंतर खिडकी निर्माण करण्याचे पत्र. कमीत कमी ३२ बाइट. पार्श्वभूमीचा रंग आणि ‘कोणत्या घटना मला कळवाव्यात’ ती यादी धरून ४०. मग ती पडद्यावर मांडण्याचे पत्र, ते आठच बाइटांचे. आणि खिडकी उघडते! आता आपण पत्रांची वाट पहात बसावयाचे. सर्व्हरकडून येणारी घटनेची पत्रे ३२-३२ बाइटांची असतात. त्यांत १२ क्रमांकाचे आले की समजावे, खिडकी दिसू लागली, आता रेखाटन करा. आपले चित्र सर्व्हर आपल्यासाठी सांभाळून ठेवील असे धरून चालता येत नाही. मागेल तेव्हा पुन्हा काढून द्यावे लागते. कोपऱ्यातील फुलीवर टिचकी पडली, तर निराधार प्रोग्रामला रीतसर वर्दी येत नाही, कारण तशी वर्दी हवी असे आपण कळवलेलेच नसते. आपला धागाच तोडला जातो, आणि वाचावयास गेले की शून्य बाइट मिळतात. शून्य दिसताच ६० क्रमांकाची आज्ञा.

अलीकडे अनेक लिनक्स वितरणांत एक्सची जागा वेलँड या व्यवस्थेने घेतली आहे. तेथे रेषा आणि अक्षरे आपणच ठिपक्या-ठिपक्याने रंगवून द्यावयाची असतात. तरी एक्सची भाषा समजणारा एक्सवेलँड नावाचा दुभाषी तेथे बहुधा असतो, त्यामुळे वरची पत्रे फुकट जात नाहीत.

चौकट झाली, आता शब्द. इंग्रजी शब्द असेल तर काहीच अडचण नाही. सर्व्हरकडे जुन्या पद्धतीचे ठसे असतात. ठसा निवडा, ७६ क्रमांकाचे पत्र टाका, त्यात अक्षरे घाला. सर्व्हर ती एकापुढे एक उमटवतो. पण आपल्याला ‘नमस्कार’ म्हणावयाचे आहे, आणि येथे आपले वैराग्य डळमळते. युनिकोड या सर्वमान्य संकेतात हा शब्द सात चिन्हांचा आहे: न, म, स, हलन्त, क, काना आणि र. प्रत्येकी तीन, म्हणजे एकवीस बाइट. हे सात ठसे एकापुढे एक उमटवले तर स पायमोडका आणि क त्याच्यापासून तुटलेला असा काही तरी प्रकार दिसेल. जोडाक्षर होणार नाही. ‘दिवस’ लिहिताना वेलांटी साठवणीत द नंतर येते, दिसताना त्याच्या आधी. ‘वर्ष’ लिहिताना र आधी साठवला जातो, पण दिसताना ष च्या डोक्यावर जाऊन बसतो. आणि आपल्या मराठीत तर ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन वेगळे शब्द आहेत. एकात र चा रफार होतो, दुसऱ्यात पापणीसारखा आडवा र येतो. ते नीट उमटले नाहीत तर मानधन कोणास आणि मजुरी कोणास, याचा घोटाळा व्हावयाचा!

हा सारा विवेक हार्फबझ नावाच्या लायब्ररीत आहे. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइडचे फोन, लिब्रेऑफिस, या सर्वांत मराठी जोडाक्षरे जुळतात ती तिच्यामुळे. तिच्यामागे देशोदेशींच्या लिप्यांचा वर्षानुवर्षांचा अभ्यास आहे, आणि तो एका माणसाने एका बैठकीत पुन्हा लिहून काढण्यासारखा नाही. रोमन लिपीत लिहिणारा प्रोग्रामर लायब्ररीचे ओझे किती, असे विचारतो, तेव्हा तो आपल्या लिपीच्या सोयीने बोलत असतो. त्याची अक्षरे सुटी उभी राहतात. आपली एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चालतात. हे ध्यानात घेतले म्हणजे कोणाला रजा द्यावी आणि कोणाला ठेवून घ्यावे, हा हिशेब मराठीत वेगळा पडतो. सात बाइटांच्या वर्दीसाठी लायब्ररी घेणे आणि ‘आचाऱ्यास’ हा शब्द नीट लिहिण्यासाठी घेणे, या एका मापाने मोजण्याच्या गोष्टी नव्हेत.

तरी निराधार खिडकीत ‘नमस्कार’ दिसावा असा हट्टच असेल, तर एक मार्ग आहे. तो शब्द आपल्या टेबलावर, सर्व लायब्रऱ्या हाताशी असताना, एकदा नीट जुळवून घ्यावा, आणि त्याचे ठिपक्यांचे चित्र करून प्रोग्रामच्या पोटात ठेवावे. ६४ ठिपके रुंद आणि २४ उंच असे काळे-पांढरे चित्र १९२ बाइटांत मावते. ते ७२ क्रमांकाच्या पत्रातून पाठवावे; पत्राचा मथळा २४ बाइटांचा, म्हणजे सारे मिळून २१६. खिडकीत सुबक ‘नमस्कार’ उमटेल. मात्र पहाणाऱ्याने आपले नाव टाइप करून खिडकीने त्याला नावाने नमस्कार करावा असे म्हटले, तर तेवढे तिला जमणार नाही. त्या नावाचे चित्र तिच्या पोटात नाही.